उधारीची वही आणि नोकरीचा दरवाजा

बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी आपल्या वस्तीतली मुलंमुली अलीकडे आम्हाला विचारतात, "शैक्षणिक कर्जाचे हप्ते थकलेत, सिबिल खराब आहे. फॉर्म भरू का?" प्रश्न रास्त आहे. कर्जाची किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी असलेला, सिबिलमध्ये प्रतिकूल नोंद असलेला उमेदवार अपात्र, अशी अट स्टेट बँकेच्या भरतीत असते. नेमणूकपत्र हातात पडलेल्या एका उमेदवाराची नेमणूक याच अटीवर रद्द झाली. कर्ज फेडून झालंय, हे त्याचं म्हणणं चाललं नाही. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बँकेचीच बाजू उचलून धरली. लोकांचा पैसा हाताळणाऱ्याला आर्थिक शिस्त हवी, हा त्यामागचा युक्तिवाद.

हा युक्तिवाद अमेरिकेत फार जुना आहे, आणि त्याचा इतिहास आपण वाचायलाच हवा.

१८४१ मध्ये लुईस टॅपन या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याने 'मर्कंटाइल एजन्सी' काढली. उधार मागणारा व्यापारी कसा आहे, पितो का, शब्द पाळतो का, याच्या नोंदी ती विकायची. (गंमत म्हणजे टॅपन गुलामगिरीचा कडवा विरोधक होता!) १८९९ मध्ये अटलांटात 'रिटेल क्रेडिट कंपनी' निघाली. तिने सामान्य माणसांच्या खासगी आयुष्याच्या फायली जमवल्या आणि विमा कंपन्यांना, मालकांना विकल्या. ओरड झाली तेव्हा १९७० मध्ये कायदा आला. पाच वर्षांनी कंपनीने नाव बदलून 'इक्विफॅक्स' केलं. पण त्या कायद्याने नोकरीसाठी अहवाल मागवायला बंदी घातली नाही, उलट रीतसर परवानगी दिली. उमेदवाराची लेखी संमती घेण्याची अट १९९६ च्या दुरुस्तीत आली. पण नोकरीची गरज असलेला माणूस संमती नाकारणार कशी?

आता या अहवालात असतं काय? हप्ते, थकबाकी, दिवाळखोरी. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर काळ्यांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवल्या गेल्या आणि तिथे गृहकर्ज मिळणं मुश्किल झालं. ज्यांच्या आजोबांना घर घेता आलं नाही, त्यांच्या नातवाकडे आजारपणात मोडायला काही नसतं. हप्ता त्याचाच चुकतो. अहवालात मात्र आजोबा नसतात, नातवाचा चुकलेला हप्ता तेवढा असतो. आणि त्यावरून प्रामाणिकपणा कळतो म्हणावं, तर २०१० मध्ये ओरेगॉनच्या आमदारांपुढे ट्रान्सयुनियन या कंपनीच्याच अधिकाऱ्याने कबूल केलं की, असा अहवाल आणि कामातली कुवत किंवा फसवेगिरी यांचा संबंध दाखवणारं कोणतंही संशोधन आमच्याकडे नाही.

त्याच वर्षी तिथल्या समान रोजगार संधी आयोगाने कॅप्लान या शिक्षणक्षेत्रातल्या कंपनीवर खटला भरला. या तपासणीत काळे उमेदवार जास्त गळतात, असा दावा होता. पण कंपनीकडे उमेदवारांच्या वंशाची नोंदच नव्हती. मग आयोगाने वाहन परवान्यांवरचे फोटो मिळवले आणि पाच जणांना चेहरे पाहून वंश ओळखायला बसवलं. २०१४ मध्ये अपिलातही न्यायालयाने हा पुरावा अशास्त्रीय म्हणून फेटाळला. वर टोला दिला की, आयोग स्वतःच्या भरतीत हीच तपासणी करतो!

मित्रांनो, इथे थांबून विचार करा. आकडा नव्हता म्हणून भेदभाव सिद्ध झाला नाही. नंतर न्यूयॉर्क शहराने २०१५ मध्ये बहुतेक नोकऱ्यांसाठी ही तपासणी बंद केली, ती कायदा करून, खटला जिंकून नव्हे.

आपल्याकडे सिबिलच्या अहवालात जातीचा रकाना नाही. म्हणून काही जण त्याला जातनिरपेक्ष समजतात. मित्राला जामीन राहिलेल्याचं सिबिलही मित्राच्या थकबाकीने बिघडतं, आणि आपल्या वस्त्यांत एकमेकांना जामीन राहिल्याशिवाय भागत नाही. पण सरकारी बँकेच्या भरतीच्या फॉर्ममध्ये प्रवर्गाचा रकाना असतो. म्हणजे चेहरे पाहून ओळखायची वेळ आपल्यावर आलेली नाही. माहिती अधिकाराच्या अर्जात दोनच प्रश्न पुरेत: गेल्या पाच वर्षांत पतनोंदीवरून किती निवडी रद्द झाल्या, आणि त्यात कोणत्या प्रवर्गाचे किती?