मिला
मिला : कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील कृत्रिम बुद्धिमत्ता संशोधन संस्था, ठिकाण माँट्रियल. यंत्रशिक्षण, विशेषतः डीप लर्निंग (अनेक थरांच्या न्यूरल नेटवर्कवर आधारलेले यंत्रशिक्षण), हे तिचे मुख्य क्षेत्र. माँट्रियल विद्यापीठ आणि मॅकगिल विद्यापीठ यांच्या सहकार्याने ती चालते.

मुळात ही एक छोटी प्रयोगशाळा होती. संगणकशास्त्रज्ञ योशुआ बेंजिओ १९९३ मध्ये माँट्रियल विद्यापीठात शिकवू लागले आणि त्यांनी ‘लिसा’ नावाने ती सुरू केली; तीच पुढे मिला झाली. मेंदूतील पेशींच्या जाळ्यावरून सुचलेल्या न्यूरल नेटवर्कवरचा बहुतेकांचा विश्वास पुढच्या काही वर्षांत उडाला. या विषयात पैसा नव्हता आणि प्रतिष्ठाही नव्हती. अशा काळात २००४ मध्ये न्यूरल नेटवर्कचे संशोधक जेफ्री हिंटन यांच्या पुढाकाराने ‘सिफार’ या कॅनडातील संस्थेने एक संशोधन कार्यक्रम हाती घेतला आणि विखुरलेल्या संशोधकांना एकत्र आणले. रक्कम माफकच होती, पण पुढे आलेल्या कोट्यवधींपेक्षा या मदतीचे मोल अधिक मानावे लागेल.

संस्थेचे सर्वांत मोठे काम याच लहानपणातले. शब्दाला आकड्यांच्या मालिकेचे रूप देऊन पुढचा शब्द ओळखायला यंत्राला शिकवणारा बेंजिओ आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध २००३ चा. ‘थिआनो’ ही सर्वांना खुली असलेली आज्ञावली येथेच घडली. तिला पायथागोरसशी जोडल्या जाणाऱ्या ग्रीक विदुषीचे नाव दिले होते. २०१४ हे वर्ष तर विलक्षणच. इयन गुडफेलो आणि सहकाऱ्यांनी एक न्यूरल नेटवर्क नकली चित्र काढते व दुसरे ती नक्कल पकडते, अशी जोडी मांडली. त्याच वर्षी द्मित्री बहदानौ, क्युंगह्युन चो आणि बेंजिओ यांनी ‘अटेन्शन’ ही रीत यंत्रानुवादात आणली. तोवर सारे वाक्य एका ठरावीक मापाच्या साच्यात कोंबले जाई, त्यामुळे लांब वाक्यांचा अनुवाद ढासळे. आता प्रत्येक शब्द लिहिताना मूळ वाक्यातल्या नेमक्या कोणत्या भागाकडे पाहायचे, हे यंत्र स्वतःच शिकू लागले. पहिला प्रयोग इंग्रजी-फ्रेंच या जोडीवर झाला. आज फोनवर मराठीत होणारा यंत्रानुवादही याच कल्पनेच्या पुढच्या रूपांवर उभा आहे.

पैसा नंतर आला. २०१६ मध्ये माँट्रियल विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील विदाविज्ञान प्रकल्पाला ९.३६ कोटी कॅनेडियन डॉलर मिळाले. २०१७ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी १२.५ कोटी डॉलरचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. एडमंटन व टोरांटो येथील संस्थांबरोबर मिलाही त्याचा आधार ठरली. २०१९ च्या सुमारास संस्था माइल-एक्स या जुन्या कारखान्यांच्या वस्तीत राहायला आली. संशोधकांची संख्या पुढे हजारापलीकडे गेली.

संगणकशास्त्रातील २०१८ चा ट्युरिंग पुरस्कार बेंजिओ, हिंटन आणि यान लकन यांना विभागून मिळाला. २०२५ मध्ये बेंजिओंनी सुरक्षित कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ‘लॉझीरो’ ही संस्था काढली. त्याच वर्षी मिलाचे वैज्ञानिक संचालकपद ह्यूगो लारोशेल यांच्याकडे आले, त्यांनी पीएच.डी. बेंजिओंच्याच हाताखाली केली होती.