जाळी फाडणारा मासा

अमेरिकेच्या कोलंबिया नदीवरच्या सॅमन पकडणाऱ्या कोळ्यांना पांढरा स्टर्जन म्हणजे पीडा वाटे, जाळी फाडायचा. मग त्याच्या अंड्यांना, म्हणजे कॅव्हियारला, भाव आला. 1892 साली सुमारे 55 लाख पौंड मासा निघाला आणि दशक संपेपर्यंत धंदा बसलाही. बसणारच! मादी वयात यायलाच पंधराहून जास्त वर्षं लागतात.

म्हणून 1950 पासून सहा फुटांवरचे मासे मारायला बंदी आली.

आज तिथे स्टर्जनसाठी गळ टाकणाऱ्या नवशिक्याला आधी थांबायला शिकावं लागतं. शिशाचं जड वजन लावून आमिष तळाशी सोडायचं. स्टर्जनला दात नसतात; मिशांनी चाचपून तो आमिष ओढून घेतो. त्यामुळे एवढं धूड लागलं तरी गळाच्या काठीचं टोक कधीकधी जेमतेम थरथरतं. गळाला उलटा काटा चालत नाही. फार मोठा मासा लागला, तर त्याला पाण्यातच ठेवून सोडायचं.