पाणी, पाळी आणि आपलं सुख

बँकेतल्या नोकरीत पस्तीस वर्षं लोकांचे पैसे मोजले. कोण सुखी हे पासबुकावरून कळतं, असं तेव्हा वाटायचं. पण आपल्या खान्देशात सुखाचा हिशेब आधी पाण्याचा, मग पैशाचा. सकाळी गल्लीतून "पानी उनं!" अशी हाक आली की घराघरांत जी लगबग उडते, ती या सभासदांना मी काय सांगावी!

आपल्या जिल्ह्याला पाण्याचा इतिहास मोठा आहे. साक्री तालुक्यात पांझरा नदीवर फड पद्धत तीन-चारशे वर्षांपासूनची आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एकाच्या जमिनी बहुधा वेगवेगळ्या फडांत असत. त्यामुळे पाणी कमी पडलं नि एखादा फड कोरडा ठेवला, तरी सगळा भार एकाच घरावर येत नसे. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. हे सरकारने नाही, गावकऱ्यांनीच चालवलं. मला यात बंधाऱ्यापेक्षा पाळीचं मोल जास्त वाटतं.

शिरपूरकडे तापीकाठचा गाळाचा पट्टा. चिकणमातीचे थर जाड, पावसाचं पाणी खाली मुरत नाही. 1972 च्या दुष्काळात मी कॉलेजात होतो. लोक खडी फोडायला जायचे ते डोळ्यांनी पाहिलं. पुढे उपसा वाढला, विहिरी आटत गेल्या. 2004 पासून आमदार अमरिशभाई पटेल यांच्या पुढाकाराने आणि निवृत्त भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद नि खोल करून त्यांवर सिमेंटचे बंधारे बांधले गेले. बंधाऱ्यांना दरवाजे नाहीत. कोरड्या विहिरींत धरणाचं पाणीही सोडलं. हाच 'शिरपूर पॅटर्न'. इतकं खोल खणावं का, यावर काही भूजलतज्ज्ञांनी हरकत घेतली, ती त्यांची बाजूही ऐकायला हवी. पण पाहुणे आपलं गाव विचारून नाले बघायला येतात, याचा मला अभिमान आहे, खोटं कशाला बोलू?

आता थोडं आपल्या सोसायटीचं. सुरुवातीला बोअरला पाणी कमी होतं. टाकीपासून शेवटच्या घरांपर्यंत धार पोचायची नाही. माझं घर मधलं. एका उन्हाळ्यात मी रात्री लाईनला टिल्लू पंप लावला. आमचा हौद भरायचा, आणि शेवटच्या घरातल्या वहिनी सकाळी हंडा घेऊन आमच्याच ओट्यावर यायच्या. मी भरून द्यायचो, वर त्या "भाऊ, तुमचे उपकार" म्हणायच्या. पंधरा दिवस हे चाललं. माझ्या सौभाग्यवतीनेच एका रात्री पंप काढून माळ्यावर टाकला. म्हणाली, "उपकार ऐकवत नाही मला."

तेव्हाच्या सभेत वेळापत्रक ठरलं ते माझ्या सूचनेवरून, असं इतिवृत्तात लिहिलेलं आहे. शेवटची घरं आधी, मग आपण. पंपाचं मात्र तिथे काही लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहिलं. त्या वहिनी आज नाहीत. त्यांची सून मात्र अजून सकाळी हाक देते, "आबा, पानी उनं!"