भाड्याच्या व्यावसायिक जागेतील लहान प्रवेशकक्ष

अमेरिकेत दवाखाना, करसल्लागाराचे कार्यालय किंवा दुकान यांसाठी जागा भाड्याने घेतली की प्रवेशकक्षाच्या वाट्याला बहुधा थोडकीच जमीन येते. तिची आखणी सोफा वा रंगसंगतीपासून न करता दारापासून करावी लागते. कारण दारालगत किती जागा मोकळी राखायची, हे कायद्यानेच ठरविलेले आहे.

‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट’ (१९९०) या कायद्याच्या २०१० च्या मानकांनुसार दार ९० अंशांत उघडल्यावर किमान ३२ इंच रुंद वाट मिळाली पाहिजे. खरी अडचण पुढेच आहे. समोरून येऊन दार आपल्याकडे ओढावयाचे असेल, तर दारासमोर ६० इंच आणि कडीच्या बाजूस आणखी १८ इंच जागा रिकामी हवी. चाकाच्या खुर्चीतील व्यक्तीला दाराच्या फिरत्या फळीतून बाजूला राहता यावे, हा त्यामागील हेतू. कुंडी किंवा छत्र्यांचे भांडे नेमके याच १८ इंचांत ठेवले जाते!

थंडीच्या प्रदेशात एकामागे एक दोन दारे बसविण्याचा मोह होतो. त्यांच्यामधील अंतर ४८ इंच अधिक त्या जागेत उघडणाऱ्या दाराची रुंदी इतके लागते. ३६ इंची दार आत उघडत असेल, तर सात फूट तेथेच संपतात. आंतरराष्ट्रीय ऊर्जासंवर्धन संहितेत ३,००० चौरस फुटांहून लहान जागेला अशा दुहेरी दारांची सक्ती नाही. स्थानिक नियमही तसाच असेल, तर एक दार आणि लांब, पक्की बसविलेली चटई पुरेशी.

नवा उंबरठा अर्ध्या इंचाहून उंच चालत नाही. भिंतीवर गणपतीसाठी फळी लावताना ती जमिनीपासून २७ ते ८० इंच उंचीवर असेल, तर वाटेत चार इंचांपेक्षा अधिक पुढे येता कामा नये. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला तिचा सुगावा लागत नाही. भिंतीतच कोरलेला कोनाडा हा जुना उपाय येथे उत्तम ठरतो. स्वागतमेजाचा किमान ३६ इंच लांबीचा भाग ३६ इंचांहून उंच नसावा.

खर्च कोणी सोसावा, हे जागामालक आणि भाडेकरू करारात ठरवू शकतात. तक्रार करणाऱ्या ग्राहकापुढे मात्र दोघेही उत्तरदायी राहतात. म्हणून मालकाकडून मिळणाऱ्या सुधारणा-भत्त्यात दार हलविण्याचा खर्च धरला आहे काय, हे सही करण्यापूर्वीच, मोजपट्टी हाती घेऊन पाहावे.