कर्ण्याचा कान

व्हायोलिनला धातूचा भला मोठा कर्णा जोडलेला पाहिला, तर हे सर्कशीतल्या विदूषकाचे काम असावे असे कोणालाही वाटेल. पण लंडनच्या ऑगस्टस स्ट्रोह यांनी १८९९ साली त्याचे चक्क पेटंट घेतले होते. ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांतून हे वाद्य पुढे पंचवीस वर्षे वाजत होते. कारण साधे होते. साध्या व्हायोलिनचा आवाज तबकडीवर फारच क्षीण उमटे.

त्या काळी मुद्रणाच्या खोलीत वीज कामाला नव्हती. भिंतीतून एक कर्णा पुढे आलेला असे. त्याच्या निमुळत्या टोकाशी पातळ पडदा, पडद्याला सुई, आणि सुईखाली फिरते मेण. आवाजाच्या धक्क्यात जेवढा जोर, तेवढीच मेणावर रेघ. सेकंदाला दोन-अडीच हजार कंपनांच्या वरचे सूर त्या कर्ण्यात जवळजवळ शिरतच नसत. खर्जाचीही तीच गत. म्हणून वाद्यवृंदातला धीरगंभीर डबल बेस बाजूला ठेवून त्याचे सूर पितळी ट्यूबावर वाजवून घेत. वर्गात मोठ्याने ओरडणाऱ्या पोराचेच उत्तर मास्तरांना ऐकू यावे, तसाच हा प्रकार!

फ्रेड गेसबर्ग हाच कर्णा घेऊन कलकत्त्यास आले आणि १९०२ च्या नोव्हेंबरात गौहरजानचे गाणे मेणावर उतरले. अशा तबकड्यांत पेटी खणखणीत वाजते. तंबोरा मात्र बहुधा ऐकूच येत नाही. तंबोऱ्याचे सारे वैभव त्याच्या जवारीत. घोडीवर दोरा सरकवून जी झणझण मिळवायची, ती एकावर एक चढलेल्या बारीक वरच्या स्वरांची. आणि कर्णा बहिरा होता तो नेमका त्यांनाच.

यातली मौज अशी, की मायक्रोफोन तेव्हा नवा नव्हताच. एमिल बर्लिनर यांनी टेलिफोनसाठी तो १८७७ साली बनवला, आणि याच गृहस्थांनी पुढे १८८७ साली ग्रामोफोन काढला. एकाच बापाची ही दोन लेकरे, पण कितीतरी वर्षे त्यांची गाठ पडली नाही! मायक्रोफोनमधून निघणारा प्रवाह इतका क्षीण, की तो वाढवणारी विजेची नळी आल्यावाचून त्याला मेण कोरणे जमेना. १९२५ साली वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या पद्धतीने ही अडचण संपली. दोनच वर्षांत सेगोव्हियाची गिटार तबकडीवर आली. बोटांनी छेडायचे ते हळुवार वाद्य, पण आता कर्णा लावावा लागला नाही.

आता निवडीचा प्रश्न उभा राहिला. पूर्वी कर्णा वाद्य निवडत असे. आता वाद्यासाठी कान निवडायचा होता. कोळशाच्या कणांचा मायक्रोफोन स्वतःच खरखरे, तो संगीतातून लवकरच गेला. वेंट यांचा कंडेन्सर १९१६ पासूनचा. ताणलेला पातळ पडदा आणि मागे धातूची तबकडी, एवढाच त्याचा संसार. पण बारीकसारीक झंकार टिपण्यात तो तरबेज. मात्र गजाची करकरही तो तितक्याच प्रामाणिकपणे सांगतो. फीत-मायक्रोफोनाचा स्वभाव निराळा. लोहचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ॲल्युमिनियमची झिरझिरीत फीत लोंबते. तिला समोरचे आणि पाठीमागचे ऐकू येते, बगलेचे नाही. सारंगी तिच्यासमोर आणि तबला बगलेस बसवला, की तबला आपोआप दबतो. पण वाद्य फार जवळ आणले तर खर्ज फुगतो आणि भोपळा नुसता घुमत राहतो. बर्लिनच्या नॉयमन कंपनीने १९४९ साली यू ४७ काढला. त्यात कळ फिरवताच चोहीकडचे किंवा मुख्यतः समोरचे ऐकण्याची सोय झाली. तरीही कोणत्या वाद्यापुढे काय ठेवावे आणि किती हातांवर, हे आजही मुद्रकाच्या कानानेच ठरते.

मिरज हे तंबोऱ्यांचे गाव. तेथे राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी १९०५ च्या सुमारास कर्ण्यापुढे गाऊन पाहिले होते. १९३७ साली ते निवर्तले. त्याआधीच्या काही वर्षांत त्यांच्या ज्या तबकड्या निघाल्या, त्या मायक्रोफोनपुढच्या. सवड मिळेल तेव्हा दोन्ही काळांतली एकेक लागोपाठ लावून पाहा. दुसरीत खाँसाहेब क्षणभर श्वास घेतात, आणि मागे तंबोरा झणझणत असतो.