मागे फिरता येणारी गोष्ट

गोष्ट रंगात आली की वर्गातला एखादा मुलगा हटकून विचारतो, "पण बाई, तो त्या वाटेने गेलाच नसता तर?" छापील पुस्तकापाशी याचे उत्तर नसते. संगणकावरच्या एका कथाप्रकारात मात्र ते मिळते. पडद्यावर चित्र, त्याखाली दोन ओळींचा संवाद, आणि मधूनमधून वाचकापुढे दोन-तीन पर्याय. निवड कराल तशी गोष्ट वळते. जपानमध्ये रुजलेल्या या प्रकाराला 'व्हिज्युअल नॉव्हेल' म्हणतात. आपण चित्रकादंबरी म्हणू.

ती चालवायला आत एक यंत्रणा लागते. ओळ दाखवणे, चित्र बदलणे, वाचक कुठवर आला याची नोंद ठेवणे ही तिची कामे. तिला इंजिन म्हणतात. १९९९ साली नाओकी ताकाहाशी यांचे 'एनस्क्रिप्टर' हे इंजिन आले आणि जपानी हौशी लेखकांची सोय झाली. २००० सालची गाजलेली 'त्सुकिहिमे' त्यावरच उभी आहे. पण ते विंडोजसाठी आणि जपानी मजकुरासाठी घडवलेले होते.

२००४ साली अमेरिकेतील टॉम रॉथामेल यांनी 'रेनपाय' प्रसिद्ध केले. 'रेनआय' म्हणजे जपानीत प्रेम. त्याला 'पायथन' या संगणकभाषेचे नाव जोडलेले. हे इंजिन विनामूल्य आहे, त्याची आज्ञावली खुली आहे, आणि त्यावर केलेली कादंबरी विकायलाही आडकाठी नाही. पण फुकट म्हणून लोक एखादे साधन वीस वर्षे धरून राहत नाहीत.

लेखकाला ते आवडते, कारण त्यातले लिखाण नाटकाच्या संहितेसारखे दिसते. आधी पात्राचे नाव, पुढे अवतरणचिन्हांत त्याचे वाक्य. फाटा फुटतो तिथे पर्याय एकाखाली एक लिहायचे आणि प्रत्येकाने कुठल्या प्रसंगाकडे उडी घ्यायची ते सांगायचे. आयुष्यात कधी प्रोग्रॅम न लिहिलेला माणूसही हे वाचू शकतो. हिशेब गुंतागुंतीचा झाला, तर हाताशी अख्खी पायथन आहेच.

वाचकाच्या आवडीचे कारण वेगळे. माउसचे चाक फिरवले की गोष्ट एकेक ओळ मागे सरकते. ऐकायला सोपे वाटते, करायला नाही. समजा, नायिकेच्या पर्समध्ये १० रुपये होते. तिने ६ रुपयांचे तिकीट काढले, ४ उरले. वाचक मागे गेला तर जुना संवाद दिसून भागत नाही. पर्समध्येही पुन्हा १० रुपये हवेत. यासाठी इंजिन प्रत्येक पावलाला कोणती किंमत बदलली आणि आधी ती किती होती, एवढेच टिपून ठेवते आणि परतताना ती यादी उलट्या क्रमाने लावते. सगळ्याची नक्कल दर वेळी ठेवली असती तर स्मृती केव्हाच भरली असती. इंजिनाचा स्वतःचा फासाही या नोंदीत धरलेला असतो. आमच्यातल्या एकाने चांगले दान पडेपर्यंत मागे-पुढे करून पाहिले. दान काही बदलेना!

धावपळीच्या, मारामारीच्या खेळांना हे इंजिन फारसे उपयोगी नाही, आणि त्याचा तसा दावाही नाही. त्यावर झालेली क्रिस्टीन लव्ह यांची 'डिजिटल: अ लव्ह स्टोरी' (२०१०) जुन्या संगणकांच्या काळात घडते. 'डोकी डोकी लिटरेचर क्लब' (२०१७) जगभर गाजली, पण शिक्षकांनी सावध असावे: वरून गोंडस दिसणारी ही कथा आत्महत्येपर्यंत जाते, मुलांसाठी ती नाही.

आपल्याला मात्र या इंजिनाने बराच काळ बाहेर उभे केले होते. आम्ही त्यात 'विज्ञान' हा शब्द लिहून पाहिला, तर वेलांटी 'व'च्या पुढे गेलेली, आणि 'ज्ञ' फुटून पाय मोडका 'ज' आणि 'ञ' असे दोन तुकडे. दोष साठवणीतला नव्हे. 'वि' लिहिताना वेलांटी आपण आधी काढतो, पण संगणक ती 'व'नंतर साठवतो. पडद्यावर उमटवताना कोणीतरी हा क्रम फिरवावा लागतो, जोडाक्षरे जुळवावी लागतात. लॅटिन लिपीला याची गरज क्वचितच पडते, म्हणून ते काम मागे पडले. २०२४ साली ८.३ या आवृत्तीत 'हार्फबझ' नावाची अक्षरजुळणी करणारी खुली आज्ञावली जोडली गेली आणि भारतीय लिप्यांना दार उघडले. देवनागरी टंक तेवढा आपला द्यावा लागतो. त्याची फाइल प्रकल्पात ठेवून नाव सांगितले, की वेलांटी आपल्या जागी येते.