‘संत तुकाराम’: पडद्यावरचा नट लोकांच्या देव्हाऱ्यात कसा जाऊन बसला?

तुकाराम महाराज कसे दिसायचे? डोळे मिटून आठवा. पागोटं, कपाळावर गंध, गळ्यात तुळशीची माळ, हातात वीणा आणि चिपळ्या, चेहऱ्यावर एक हरवलेलं हसू. बहुतेक मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे थोड्याफार फरकाने हेच चित्र उभं राहतं.

आता गंमत बघा. तुकाराम सतराव्या शतकातले. त्यांचं वैकुंठगमन झालं ते १६५० च्या सुमारास, फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे आपण ‘तुकाराम बीज’ म्हणतो त्या दिवशी. तेव्हा कॅमेरा कुठून असणार? तरीही अनेक घरांच्या भिंतीवर, देव्हाऱ्यात, दुकानातल्या गल्ल्याच्या वर तुकोबांची म्हणून जी तसबीर लागली, तिच्यातला चेहरा एका नटाचा होता. त्या नटाचं नाव विष्णुपंत पागनीस आणि सिनेमाचं नाव ‘संत तुकाराम’, साल १९३६.

एखाद्या सिनेमाचा लोकांनी सण करणं म्हणजे काय, याचं महाराष्ट्रातलं याहून मोठं उदाहरण सापडणं अवघड आहे.

सिनेमा कुठे बनला?

‘प्रभात फिल्म कंपनी’ १ जून १९२९ ला कोल्हापुरात सुरू झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे भागीदार. १९३३ मध्ये कंपनी पुण्यात आली. आज जिथे एफटीआयआय आहे, तीच ही जागा. इन्स्टिट्यूटच्या आवारात ‘प्रभात’च्या खुणा अजूनही दाखवल्या जातात.

‘संत तुकाराम’ दामले आणि फत्तेलाल या जोडीने दिग्दर्शित केला. दोघेही बाबूराव पेंटर यांच्या ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’त तयार झालेले. ‘प्रभात’मध्ये दामले आवाजाची बाजू बघायचे, फत्तेलाल कलादिग्दर्शनाची. फत्तेलाल म्हणजे शेख फत्तेलाल. वारकऱ्यांनी डोक्यावर घेतलेला सिनेमा करणाऱ्या दोघांपैकी एक जण मुसलमान होता, आणि यात कोणाला काही विशेष वाटल्याचं दिसत नाही. पुढे हीच जोडी ‘संत ज्ञानेश्वर’ही (१९४०) करणार होती.

कथा-पटकथा शिवराम वाशीकर यांची, संगीत केशवराव भोळे यांचं. गाणी म्हणजे मुख्यतः तुकोबांचे अभंग. पण एक गीत शांताराम आठवले यांनी नव्याने लिहिलं होतं. ते इतकं अस्सल उतरलं की हा तुकारामांचाच अभंग आहे, असं जाणकारही समजून चालले. गीतकाराला याहून मोठी दाद मिळणं कठीण. फक्त त्या दादेत त्याचं स्वतःचं नाव कुठेच नव्हतं, हा भाग वेगळा.

पागनीसच का?

विष्णुपंत पागनीस यांचा जन्म १८९२ चा, चिकोडीचा. म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातला. मराठी रंगभूमीवर स्त्रिया काम करत नव्हत्या त्या काळात त्यांनी नाटक कंपनीत स्त्रीभूमिका केल्या. गळा उत्तम, भजनाची ओढ मोठी.

तुकारामाच्या भूमिकेसाठी त्यांचं नाव पुढे आलं तेव्हा दिग्दर्शकांना शंका होती. स्त्रीभूमिकांमुळे अंगात मुरलेली नाजूक लकब तुकोबांना शोभेल का? देहूचा वाणी, दुष्काळात होरपळलेला, कर्जात बुडालेला माणूस हा नट कसा उभा करणार? या शंकेला आधीच्या वर्षीचा संदर्भही होता. १९३५ मध्ये ‘प्रभात’ने संत एकनाथांवर ‘धर्मात्मा’ काढला होता. एकनाथ झाले होते साक्षात बालगंधर्व, म्हणजे स्त्रीभूमिकांचे सम्राटच. (त्या सिनेमाचं मूळ नाव ‘महात्मा’ होतं. ते ऐकून इंग्रज सरकारच्या सेन्सॉरला दुसरेच महात्मा आठवले आणि नाव बदलावं लागलं.) बालगंधर्वांचं नाव एवढं मोठं असूनही त्या सिनेमाला ‘तुकाराम’सारखं यश मिळालं नाही.

पागनीसांची निवड शेवटी झाली. भूमिका मिळाल्यावर ते देहूला दर्शनाला जाऊन आले. पडद्यावर जे दिसलं ते बघितलं की दिग्दर्शकांची शंका उलटी कशी फिरली हे कळतं. ज्या मऊपणाची भीती होती, तोच कामी आला. हे तुकाराम कोणावर ओरडत नाहीत, प्रवचन झोडत नाहीत. आपल्याच तंद्रीत गात चालतात, आणि गाणं म्हणजे त्यांचं बोलणंच वाटतं. समीक्षक गीता कपूर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या सिनेमावर तपशिलात लिहिलं आहे, ते उगीच नाही.

आणि जिजाई

खरं तर निम्मा सिनेमा गौरीचा आहे. तुकारामांच्या बायकोचं, जिजाईचं म्हणजे आवलीचं काम करणारी गौरी ‘प्रभात’मध्ये एक्स्ट्रा म्हणून आली होती. अभिनयाचं रीतसर शिक्षण वगैरे काही नाही.

नवरा देवाच्या नादी, घरात दाणा नाही, पोरं उपाशी. मुलगा आजारी पडतो तेव्हा ही बाई एका हाताने त्याला ओढत देवळात नेते. दुसऱ्या हातात वहाण असते, विठोबाला मारायला! भक्तिपटात असा प्रसंग आजच्या काळात लिहायला लेखक दहा वेळा विचार करेल. १९३६ च्या प्रेक्षकांनी तो हसत, डोळे पुसत बघितला, कारण ती बाई त्यांच्या घरातली होती. शेवटी तुकाराम वैकुंठाला निघतात, तिलाही चल म्हणतात. ती नकार देते. पोरांचं कोण बघणार?

गरुडाच्या पाठीवरून आकाशात जाणारे तुकाराम, इंद्रायणीतून परत आलेल्या वह्या हे चमत्कार त्या काळच्या ट्रिक फोटोग्राफीने लोकांना थक्क करून गेले. पण सिनेमा जमिनीवर राहतो तो गौरीमुळे. तसबीर मात्र पागनीसांची लागली, तिची लागली नाही.

५७ आठवडे

१२ डिसेंबर १९३६ ला मुंबईत गिरगावच्या ‘सेंट्रल’ सिनेमात ‘संत तुकाराम’ लागला आणि तिथे सलग ५७ आठवडे चालला. वर्षाहून जास्त. शहरातल्या सिनेमाला न जाणारा एक मोठा वर्ग, त्यात बायका, म्हातारी माणसं, शेतकरी, या सिनेमाने थिएटरपर्यंत आणला. सिनेमा बघणं हे अनेक घरांत तेव्हा चांगलं लक्षण मानलं जात नव्हतं. तुकोबांच्या दर्शनाला कोण नाही म्हणणार?

१९३७ मध्ये तो व्हेनिस चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि त्या वर्षीच्या जगातल्या तीन उत्कृष्ट सिनेमांमध्ये त्याची गणना झाली. आंतरराष्ट्रीय महोत्सवात भारतीय सिनेमाला मिळालेली ही पहिली मोठी दाद मानली जाते.

त्या मानपत्राचं पुढे काय झालं, हा किस्सा मात्र ऐकण्यासारखा आहे. ते हरवलं. बऱ्याच वर्षांनी पुण्यात लॉ कॉलेजच्या मैदानावर कचऱ्यात पडलेलं सनी जोसेफ यांना सापडलं. हे जोसेफ म्हणजे केरळचे सिनेमॅटोग्राफर. त्यांनी ते जपून ठेवलं आणि २००४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे माजी संचालक पी. के. नायर यांच्या हाती सुपूर्द केलं. ज्या सिनेमाच्या नटाचा फोटो लोक देवाशेजारी ठेवत होते, त्याच सिनेमाचा जागतिक सन्मान कचऱ्यात पडला होता.

जत्रेतला तंबू

मुंबई-पुण्यात थिएटर होती. गावांचं काय?

यवतमाळ जिल्ह्यात वणीच्या रंगनाथस्वामींच्या जत्रेला किंवा कळंबच्या चिंतामणीच्या यात्रेला जाऊन आलेल्या कोणालाही जत्रेचं गणित सांगावं लागत नाही. आधी दर्शन, मग बाजार, मग पाळणे, खाणं-पिणं, आणि रात्री करमणूक. महाराष्ट्रभरच्या जत्रांमध्ये या शेवटच्या खात्यात तमाशाच्या फडाशेजारी आणखी एक तंबू उभा राहू लागला, टुरिंग टॉकीजचा. ट्रकमध्ये प्रोजेक्टर, सोबत कनात आणि गुंडाळलेला पडदा. अंधार पडल्याशिवाय खेळ सुरू होत नाही, कारण कापडी भिंतीतून उजेड आत येतो. बसायचं जमिनीवर. दिवसभर लाउडस्पीकरवरून सिनेमाचा पुकारा चाललेला.

जत्रेच्या या प्रेक्षकाला पौराणिक आणि संतपट हक्काने चालायचे. दुपारी देवळात देव बघितला, रात्री पडद्यावर बघितला. दोन्हीत फार फरक करायची त्याला गरज वाटत नव्हती. ‘दर्शन’ हा शब्द आपण दोन्हीकडे सहज वापरू शकतो, यातच बरंच काही आलं.

हे काही ‘तुकाराम’पासून सुरू झालं नाही. १९१७ मध्ये दादासाहेब फाळके यांच्या ‘लंकादहन’मध्ये राम पडद्यावर आला की लोक पायातल्या वहाणा काढायचे. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या, पण श्रद्धेच्या आड ते आलं नाही. मद्रासला जमा झालेली नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, ही हकीकतही याच सिनेमाची. पुढे १९७५ मध्ये, ‘शोले’ आणि ‘दीवार’च्या वर्षी, ‘जय संतोषी माँ’ नावाच्या कमी खर्चातल्या सिनेमाने तेच पुन्हा घडवलं. थिएटरबाहेर चपलांचे ढीग, पडद्यावर फुलं आणि नाणी, आणि देवीचं काम करणाऱ्या अनिता गुहा यांच्याकडे लोक देवी म्हणूनच बघू लागले.

टुरिंग टॉकीजचे दिवस मात्र सरत गेले. आधी टीव्ही-व्हिडिओ, मग डिश, मग मोबाइल. रिळांचे प्रोजेक्टर भंगारात निघाले. या तंबूंच्या शेवटच्या काळावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रात अनेक वर्षं फिरून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. तो २०१६ मध्ये कान महोत्सवात गाजला. मिळाला तर नक्की बघा.

नटाचं काय झालं?

पागनीसांनी पुढेही काम केलं. ‘संत तुलसीदास’ (१९३९), ‘नरसी भगत’ (१९४०) ही त्यातली काही नावं. यादी वाचली की लक्षात येतं, भूमिका सगळ्या संत-भक्तांच्याच. एकदा तुकाराम झालेल्या माणसाला खलनायक किंवा विनोदी सासरा म्हणून बघायला कोणी तयार नव्हतं. आणि त्यांनाही त्यातून बाहेर पडायचं होतं असं दिसत नाही. उरलेलं आयुष्य ते तुकोबांचे अभंग गात राहिले. ३ ऑक्टोबर १९४३ ला त्यांचं निधन झालं. सिनेमा येऊन सात वर्षंही पुरी झाली नव्हती.

एका भूमिकेने माणसाला अमर केलं की अडकवलं, याचं उत्तर बघणाऱ्यावर आहे. स्त्रीभूमिकांनंतर काळ बदलला तेव्हा त्या पिढीतले कित्येक नट विस्मरणात गेले. पागनीसांचा चेहरा राहिला. नाव मात्र तसबिरीखाली ‘श्री संत तुकाराम महाराज’ असंच छापलं गेलं.

इतरत्र असं होतं का?

होतं, पण तऱ्हा वेगळी. गुजरातमधल्या कच्छच्या आदिपूर गावात दर १६ एप्रिलला चार्ली चॅप्लिनची जयंती मिरवणूक काढून साजरी होते. लहान-मोठे सगळे काळी टोपी, काठी आणि छोटी मिशी लावून रस्त्यावर उतरतात. याची सुरुवात केली ती डॉ. अशोक अस्वानी या वैद्यांनी. तरुणपणी ‘द गोल्ड रश’ बघून ते चॅप्लिनचे झाले आणि १९७३ मध्ये त्यांनी ‘चार्ली सर्कल’ स्थापन केलं. आपल्याकडे इगतपुरीजवळच्या एका पाड्यावर इरफान खान यांनी लोकांना बरीच मदत केली होती. तिथल्या लोकांनी त्यांच्या आठवणीत वस्तीला ‘हिरोची वाडी’ म्हणायला सुरुवात केल्याची बातमी २०२० मध्ये तुम्ही वाचली असेल.

फरक इतकाच की आदिपूरला लोक चॅप्लिनला चॅप्लिन म्हणूनच ओळखतात आणि इगतपुरीत इरफानला इरफान म्हणून. पागनीसांना हात जोडणाऱ्या बहुतेकांना आपण पागनीसांना हात जोडतोय हे माहीतच नसतं.

आज बघायचा असेल तर

फाळक्यांच्या ‘लंकादहन’चे मोजके तुकडे उरले. ‘संत तुकाराम’ त्या मानाने नशीबवान, तो जवळपास सव्वादोन तासांचा पूर्ण सिनेमा आजही यूट्यूबवर बघायला मिळतो. आवाज थोडा खरखरतो, चित्र कुठेकुठे उडतं. २०१२ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी जितेंद्र जोशीला घेऊन ‘तुकाराम’ केला. त्यात तुकोबांचं बालपण, दुष्काळ आणि माणूसपण जास्त तपशिलात येतं. दोन्ही लागोपाठ बघण्याजोगे आहेत. जुना आधी बघा, आणि गौरी देवळात शिरते तो प्रसंग चुकवू नका.